गेलेल्या माणसाला मेसेज करणं ठीक आहे, पण त्याचा रिप्लाय यावा का?

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलुंडच्या एका ताईंचे वडील जाऊन पाच महिने झाले. आई रोज रात्री जेवणं उरकली की त्यांच्या व्हॉट्सॲपवर मेसेज टाकते, आज कोण आलं होतं, गुडघा कसा आहे, मेथी किती महाग झालीये. कॅनडातला भाऊ म्हणतोय की बाबांच्या व्हॉइस नोट्स आणि जुनं चॅट वापरून त्यांच्या आवाजात बोलणारा एआय बनवून घेऊ, वर्षश्राद्धाला आईला सरप्राइज देऊ. आत्या म्हणते हे सगळं बंद करा, अशाने त्याला मुक्ती मिळायची नाही. आणि ताई विचारतायत की यातलं नॉर्मल काय आणि थांबवायचं कोणाला.

आधी उत्तर देऊन टाकते. आईला अजिबात थांबवू नका. भावाला थांबवा, निदान सरप्राइजपासून तरी. आणि आत्यांचं म्हणणं तुम्हाला जुनाट वाटत असेल पण त्यात तथ्य आहे, त्यावर येतेच.

मी परळला कॅन्सर पेशंट्सच्या घरच्यांसोबत समुपदेशक म्हणून काम करते, माणूस असताना आणि गेल्यानंतरही. पूर्वी लोक भेटायला यायचे तेव्हा पिशवीत फोटोंचा अल्बम असायचा, आता फोन असतो, आणि तो अनलॉक करतानाच रडू फुटतं कारण वॉलपेपर. खाली जे प्रसंग येतील ते चार-पाच घरांचे मिसळून लिहिलेत, उगाच कोणी ओळखायला जाऊ नका.

आता आईचं. गेलेल्या माणसाशी बोलणं आपल्याकडे बंद कधी होतं सांगा बरं? नातवाला नोकरी लागली की पहिला पेढा फोटोसमोर, आणि नुसता ठेवत नाहीत, "ऐकलंत का, लागला हो बँकेत" असं सांगून ठेवतात. पितृपक्षात आपल्या बिल्डिंगींमध्ये गच्चीला कुलूप असतं म्हणून लोक खिडकीच्या ग्रिलवर नाहीतर एसीच्या डब्यावर पान ठेवतात आणि कावळ्याला हाक मारतात, वॉचमन हसतो, तरी मारतात. आईने हेच फोनवर केलं तर एकदम वेड्यासारखं का वाटावं? चाळीस-एक वर्षं ज्या माणसाला दिवसभराचा वृत्तांत द्यायची सवय त्याला एकदम द्यायचा नाही म्हणजे कसं जमेल. जपानमध्ये ओत्सुची नावाचं गाव आहे, तिथे इतारू सासाकी नावाच्या माणसाने २०१० मध्ये चुलतभाऊ गेला म्हणून स्वतःच्या बागेत एक टेलिफोन बूथ उभं केलं, आतल्या फोनची वायर कुठेच जोडलेली नाही. पुढच्या वर्षी त्सुनामी आली, आणि मग लांबलांबून माणसं येऊन त्या फोनवर आपापल्या गेलेल्यांशी बोलायला लागली. पलीकडून काहीच येत नाही हे प्रत्येकाला माहीत असतं, तरी येतात.

आमच्या अभ्यासातसुद्धा हे बरंच उशिरा मान्य झालं. फ्रॉइडने १९१७ मध्ये लिहिलं तेव्हापासून असं धरून चालायचे की शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घ्यायचं, सुटलं की झालं काम. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी नीट मांडलं की बहुतेकांचं नातं सुटत नाहीच, ते वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्यात आजार काही नाही. आपल्या आजीला विचारलं असतं तर तिने चहा पिता पिता हेच सांगितलं असतं, असो. आणि ते पाच टप्पे, नकार, राग, स्वीकार वगैरे, जे रील्समध्ये सारखे फिरतात, ते एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मुळात मरणाच्या वाटेवर असलेल्या पेशंट्सशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हेत, त्यामुळे "आई अजून स्वीकारच करत नाहीये" असं भाऊ म्हणत असेल तर त्याला सांगा असं टाइमटेबल नसतं.

मला कामात जास्त उपयोगी पडतं ते श्ट्रोबे आणि शुट या संशोधकांचं १९९९ मधलं म्हणणं, की माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो, कधी दुःखात बुडतो, कधी उठून लाइटबिल भरतो, आणि ही ये-जा चालू आहे तोवर ठीक आहे. म्हणून मी तुम्हाला उलट विचारेन, रात्री मेसेज टाकून झाल्यावर आई झोपते का? सकाळी उठून भाजीला जाते का, शेजारच्या काकूंशी भांडते का? होय असेल तर तो मेसेज म्हणजे तिचा देवापुढचा दिवा आहे असं समजा आणि बाजूला व्हा. आणि तो वाचू नका हं. तिच्या नकळत तर नाहीच.

एक गोष्ट मात्र लगेच बघा. पाच महिने होऊनही वडिलांचं अकाउंट जागेवर आहे म्हणजे त्यांचा फोन घरात कुठेतरी चार्ज होतोय, वायफायला आहे. बऱ्याच घरांत असंच असतं, आई हॉलमध्ये मेसेज टाकते आणि आतल्या खोलीत कपाटात फोन टिंग करतो. फोन बंद पडला तर साधारण १२० दिवसांनी व्हॉट्सॲप अकाउंट उडवतं, आणि मग फॅमिली ग्रुपवर अचानक येतं की अमुक नंबर लेफ्ट. चार महिन्यांनी, भर दुपारी, ऑफिसमध्ये बसलेलं असताना बाबा ग्रुप सोडून गेल्याचं दिसणं काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत. सिमचं त्याहून वाईट. रिचार्ज संपला, ९० दिवस काहीच वापर झाला नाही की नंबर बंद होऊ शकतो, आणि बंद झाल्यावर कमीत कमी ९० दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सुप्रीम कोर्टात २०२३ मध्ये हे सांगितलंय. म्हणजे एक दिवस त्या नंबरवर कोणीतरी भलताच माणूस व्हॉट्सॲप सुरू करणार, आईच्या मेसेजला निळी टिक येणार, आणि वर डीपीत मोटरसायकलवर बसलेला पोरगा. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांना पलीकडून "कोण बोलतंय" असा रिप्लाय आला होता, त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. त्या बिचाऱ्या मुलाची तरी काय चूक, त्याला नवीन सिम मिळालं होतं.

तर नंबर जपायचा असेल तर साधं छोटं रिचार्ज चालू ठेवा, बँकेचे ओटीपी वगैरे त्याच नंबरवर येत असतात तेही काम होतं. नाहीतर कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावावर नंबर रीतसर करून घ्या. पण त्यांच्या फोनमधून जीपे करून पैसे काढू नका, खात्यातले पैसे नॉमिनीच्या नाहीतर वारसांच्या वाटेने काढायचे असतात, नंतर भावाभावांत वाद होतो तेव्हा हेच ट्रान्झॅक्शन पुढे येतं. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, मात्र मीडियासकट एक्सपोर्टला मर्यादा असते, जुनं सुटून जातं, म्हणून व्हॉइस नोट्सचं फोल्डर वेगळं कॉपी करा, पेनड्राइव्हवर एक, भावाकडे एक.

फोनचा विषय निघालाच आहे तर ज्यावर कोणीच बोलत नाही त्यावर बोलते. गेलेल्या माणसाचा फोन उघडणं हा आता दिवसकार्याइतकाच ठरलेला प्रकार झालाय. हॉस्पिटलमध्ये बिल भरायचंय आणि पैसे त्याच फोनमध्ये म्हणून शेवटच्या घटकेला त्यांचा अंगठा फोनवर टेकवून बघणारी मुलं मी पाहिलीत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मग फोन उघडतो, आणि त्यात माणूस असतो. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत पेशंटला कॅन्सर आहे हे सांगतच नाहीत, "त्यांना धक्का बसेल" म्हणून सगळे मिळून अल्सर, गाठ, इन्फेक्शन असं काहीबाही सांगत राहतात, सहा-सहा महिने. आणि गेल्यावर मुलगी फोन उघडते तर गुगलच्या हिस्टरीत केमोच्या औषधाचं नाव, स्पेलिंग चुकलेलं, मग बरोबर केलेलं, मग "स्टेज ४ किती दिवस". म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. ते आपल्यासमोर नाटक करत होते कारण आपण त्यांच्यासमोर करत होतो. पूर्वी हे कधीच कळलं नसतं, माणूस त्याचं जाणणं बरोबर घेऊन जायचा. आता कळतं, आणि कळल्यावर जे होतं त्याला आमच्या पुस्तकांत अजून नीट नाव नाही. ज्यांच्या बाबतीत हे झालंय त्यांना एवढंच सांगते की तो मोबाइल रात्री एकटे घेऊन बसू नका, कोणीतरी शेजारी असू दे, आणि सगळं वाचायलाच पाहिजे असं बंधन नाही. बहिणीने वाचलं आणि भावाने नाही वाचलं तरी चालतं.

सांत्वनाचं काय झालंय ते तुम्ही बघताच. सोसायटीच्या ग्रुपवर "दुःखद निधन" पडलं की दहा मिनिटांत सत्तर हात जोडलेले, भावपूर्ण श्रद्धांजलीचं दिव्याचं स्टिकर, आणि त्याच्याच खाली पाण्याची टाकी साफ करायची नोटीस. यावर चिडून लिहिणारे खूप आहेत, मी तितकीशी चिडत नाही. कारण लोकलने वसईहून परळला येऊन जाऊन पाच मिनिटं गप्प बसणं ज्यांना जमत नाही ते निदान कळवतात तरी. मला खटकतं ते वेगळंच आहे. पूर्वी बातमी हळूहळू पसरायची, कोणाला तिसऱ्या दिवशी कळायचं, कोणाला पेपरातल्या निधनवार्तेतून, कोणी गावाहून परत आल्यावर महिन्याने दार वाजवायचं, त्यामुळे माणसं येत राहायची, आणि घरातल्या बाईला तीच गोष्ट पन्नास वेळा सांगावी लागायची, रात्री कसा श्वास लागला, रिक्षा कशी मिळेना, डॉक्टर काय म्हणाले. वैताग यायचा पण ते पन्नास वेळा सांगणं हेच औषध होतं, सांगता सांगता गोष्टीला आकार यायचा. आता सगळ्यांना एकाच मिनिटाला सगळं कळलेलं असतं, त्यामुळे कोणी विचारतच नाही. पहिल्या दिवशी अडीचशे मेसेज, तेराव्यानंतर शून्य. तुमची आई रात्री कोणाला लिहिते यात तेही एक कारण आहे बरं का.

ऑनलाइन दिवसकार्याला मात्र नावं ठेवू नका. २०२० मध्ये अंत्यविधीला २० माणसांची अट होती, कोविडने गेलेल्यांना हॉस्पिटलमधून थेट स्मशानात नेत होते, घरचे क्वारंटाइनमध्ये, कित्येकांनी चेहरा पाहिला तो कोणीतरी लांबून केलेल्या व्हिडिओ कॉलवर. ती सवय तिथून लागली आणि राहिली. आज टोरँटो-न्यूजर्सीची मुलं सांगतात की आमच्यासाठी थांबू नका, लिंक पाठवा. चंदनवाडीच्या किंवा शिवाजी पार्कच्या स्मशानात एक भाचा फोन धरून उभा असतो आणि पलीकडे पहाटेच्या अंधारात मुलगा हात जोडून. वाईट आहे, पण काहीच न दिसण्यापेक्षा बरं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, लिंकवर बघणाऱ्याला नंतर कोणी खांद्यावर हात ठेवत नाही, लॅपटॉप बंद केला की तो एकटा, दोन तासांनी ऑफिसची मीटिंग. तुमच्या भावाचं असंच झालं असेल अशी मला दाट शंका आहे. जो अग्नी द्यायला नव्हता तो आता बाबांचा आवाज परत आणायच्या मागे लागलाय, तेव्हा त्याच्यावर ओरडण्याआधी हे जरा बघा.

आता मुख्य विषय, त्याचा तो एआय.

यात नवीन काही नाही असं भाऊ म्हणेल आणि ते खरं आहे. युजेनिया कुयदा नावाच्या बाईंनी अपघातात गेलेल्या मित्राचे मेसेज वापरून २०१६ मध्ये चॅटबॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, केला होता, रेप्लिका नावाचं ॲप पुढे त्यांनीच काढलं. २०२० मध्ये कोरियातल्या एका टीव्ही चॅनेलने एका आईला आभासी दृश्य दाखवणारा व्हीआर चष्मा लावून तिच्या गेलेल्या लहान मुलीला भेटवलं, अख्ख्या जगाने ते पाहिलं. २०२१ मध्ये मायहेरिटेज या वंशावळीच्या वेबसाइटने जुन्या फोटोतल्या माणसाची मान हलवून दाखवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये ॲमेझॉनने अलेक्सा वारलेल्या आजीच्या आवाजात नातवाला गोष्ट वाचून दाखवते असा डेमो दिला. आपल्याकडे तर २०२४ मध्ये करुणानिधी एआयने भाषण करत होते, जाऊन पाच वर्षं उलटून गेल्यावर. ए. आर. रहमान यांनी त्याच वर्षी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने गाण्यात वापरले, पण त्यांनी घरच्यांची परवानगी घेतली होती आणि मानधन दिलं होतं, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आता तर लग्नाच्या हॉलमध्ये एलईडी स्क्रीनवर गेलेले वडील येऊन नवरीला आशीर्वाद देतात, अख्खा हॉल रडतो, व्हिडिओवाला पॅकेजमध्येच देतो. तो दीड मिनिटाचा व्हिडिओ मला फारसा घातक वाटत नाही. सगळ्यांसमोर होतो, सगळ्यांना माहीत असतं की बनवलेला आहे, संपतो, मग जेवणं. फक्त नवरीला आधी सांगा रे, स्टेजवर उभं असताना तिच्यावर हे आदळू नका.

बोलणारा बॉट वेगळा आहे. का, ते सांगायला मी बाणगंगेचं, म्हणजे वाळकेश्वरच्या तलावाकाठच्या दहाव्याचं उदाहरण घेते.

दहाव्याला पिंड ठेवतात, सगळे लांब उभे राहतात, कावळ्याची वाट बघतात. मुंबईत कावळ्यांना काय तोटा, पण नेमका पिंडाकडे येत नाही. मग कुजबुज सुरू होते, काहीतरी राहिलंय त्यांचं. एकेक जण पुढे होतो, हात जोडून सांगतो, धाकटीचं शिक्षण आम्ही पूर्ण करू, गावच्या घराचा वाद मिटवू, आईला एकटं ठेवणार नाही. आणि एखाद्या वाक्याला कावळा शिवतो. तुमचा विश्वास असो नसो, मी स्वतः फार धार्मिक नाही, पण यात काय झालं बघा. गेलेल्या माणसाने उत्तर दिलं, पण उत्तर म्हणजे फक्त एक होकार. शब्द सगळे जिवंत माणसांचे, आणि तेही चारचौघांत दिलेले, म्हणजे उद्या काका विचारू शकतो काय रे, म्हणाला होतास ना. आणि कावळा नाहीच शिवला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. गवताचा कावळा! तो खरा कावळा आहे असं तिथे एकालाही वाटत नाही, तरी त्याने भागतं, लोक घरी जातात. तेराव्याला गोड खातात. आत्या मुक्ती म्हणतायत ना, तिचा माझ्या कामातला अर्थ एवढाच की या सगळ्याला एक तारीख असते, त्यानंतर तो माणूस पितरांत गेला, वर्षातून ठरलेल्या दिवशी पान वाढायचं, एरवी आपली कामं करायची.

बॉट नेमकं उलटं करतो. तो शब्द गेलेल्या माणसाच्या तोंडी घालतो, आणि कधीच थांबत नाही. समजा आईने विचारलं, आणि विचारणारच, मी शंभर टक्के सांगते, की "तुम्हाला दुखत होतं ते मला सांगितलं का नाहीत?" नाहीतर "मी त्या रात्री लगेच हॉस्पिटलला न्यायला हवं होतं का?" फोटोला विचारलं तर फोटो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात आई स्वतःचं उत्तर शोधते, वर्ष-दोन वर्षं लागतात, पण ते तिचं असतं. बॉट एका सेकंदात सांगणार, "अगं, तुझी काही चूक नव्हती, मला तुला त्रास द्यायचा नव्हता." मायेने, बाबांच्या आवाजात. ही माफी कोणी दिली? बाबांनी दिली नाही. त्यांनी कदाचित दिली असती, कदाचित ते तोंड फिरवून बसले असते, तुमचे बाबा कसे होते मला माहीत नाही. आणि एका हळव्या रात्री आईने ती खरी धरली, आणि दुसऱ्या दिवशी तोच बॉट काहीतरी भलतंच बोलला, तिच्या माहेरचं नाव चुकला, कधीच न म्हटलेलं "डिअर" म्हणाला, तर तिची ती माफीही गेली. मग तिच्याकडे आधीपेक्षा कमी उरतं.

दुसरं म्हणजे चॅटमध्ये असलेला माणूस हा अख्खा माणूस नसतो. आपले वडील लोक व्हॉट्सॲपवर काय लिहितात? ओके. पोचलास का. फॉरवर्ड. गुड मॉर्निंग विथ गणपती. ते पेपर वाचताना चष्म्यावरून बघायचे, रागावले की पंखा बंद करायचे, हे डेटामध्ये नाहीच. एवढ्याशा चॅटवरून बॉट बनवला तर उरलेली जागा मशीन कुठल्या तरी सर्वसाधारण प्रेमळ वडिलांनी भरणार, जे तुमचे नव्हते. केंब्रिजच्या होलानेक आणि नोवाचिक-बासिंस्का या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये अशा बॉट्सवर लिहिलंय, त्यांनी आणखी व्यवहारी भीती सांगितली आहे, की उद्या कंपनीने त्याच आवाजातून जाहिरात सरकवली तर? आणि एखादा बॉट नको झाला तर त्याला सन्मानाने निरोप द्यायची सोय असावी असंही ते म्हणतात. मला हे वाचून बरं वाटलं, परदेशातले लोक फिरून फिरून शेवटी तेराव्याला येऊन पोचले. आणि सबस्क्रिप्शनचं काय? कार्ड एक्स्पायर झालं आणि बाबा बंद पडले तर आईला काय सांगणार? कंपनीच बुडाली तर?

भावाला "नको" एवढंच सांगाल तर तो गुपचूप करेल, तेव्हा त्याला दुसरं काम द्या. खऱ्या व्हॉइस नोट्स गोळा करायला सांगा, सगळ्या नातेवाइकांकडून, बाबांच्या मित्रांकडून, जुन्या ऑफिसवाल्यांकडून, लग्नाच्या व्हीसीआर कॅसेटपासून. "कोथिंबीर आहे का घरी, की आणू" अशा अकरा सेकंदांच्या नोट्स असतात, त्यात मागे स्टेशनची अनाउन्समेंट ऐकू येते, खोकला असतो. त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी स्वतः उच्चारलेला आहे, म्हणून तो कुठल्याही बॉटपेक्षा मोलाचा आहे. तारखेनुसार लावायला सांगा, कोणी पाठवली, कधी, कशाबद्दल. त्याला त्यासाठी वीस जणांना फोन करावे लागतील, आणि प्रत्येक जण बाबांची एक तरी गोष्ट सांगेल, आणि जे पन्नास वेळा सांगणं-ऐकणं परदेशात बसून त्याच्या वाट्याला आलं नाही ते असं येईल. हे मी बऱ्याच जणांना करायला लावलंय, चांगलं काम करतं.

आणि तरीही आईला स्वतःला तसा आवाज हवा असेल? तिला सरळ विचारा, दिवसा, चहाच्या वेळी, "आई, असं असं करता येतं, खोटं असतं, तुला ऐकायला आवडेल का?" काही बायका म्हणतात, शी, काहीतरीच. काही म्हणतात, एकदा ऐकव. एकदा ऐकवायचं असेल तर एखादं ठरलेलं वाक्य, श्लोक, त्यांनी लिहिलेलं जुनं पत्र, तेवढंच, आणि तुम्ही शेजारी बसून. उलट प्रश्न विचारता येईल असं काहीही तिच्या फोनमध्ये टाकून देऊ नका. लहान मुलं घरात असतील तर त्यांना तर नाहीच, आजोबा मेले म्हणजे काय हे त्यांना आत्ता कुठे कळत असतं.

फोनचे छोटे त्रास आहेत त्यावर इलाज सोपे आहेत म्हणून भराभर सांगते. गुगल फोटोज आणि फेसबुक दोन्हीत मेमरीजमधून ठरावीक माणूस किंवा तारखा लपवता येतात, आयसीयूचे दिवस तेवढे लपवा, बाकी राहू द्या. हे काही क्षुल्लक नाही, २०१४ मध्ये फेसबुकच्या वर्षअखेरीच्या फीचरने एरिक मायर नावाच्या अमेरिकन वेब डिझायनरला त्याच वर्षी गेलेल्या त्याच्या मुलीचा फोटो सणासुदीच्या सजावटीत दाखवला होता, फेसबुकला माफी मागावी लागली. बाबांचं फेसबुक असेल तर ते स्मृतीखातं करून घ्या, ही सोय २००९ पासून आहे, मग त्यांच्या वाढदिवसाला लोकांना नोटिफिकेशन जात नाही आणि भिंतीवर "हॅपी बर्थडे साहेब, पार्टी कधी" येत नाही. जीमेल दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गुगल अकाउंट पुसू शकतं, त्यात फोटोही जातात, तेव्हा आत्ताच उतरवून घ्या.

काळजी कधी करायची ते सांगते. मेसेज टाकते म्हणून नाही. पण दिवसाही फोन सोडवत नाही, बाहेर जाणं बंद, आंघोळ-जेवण टळतंय, कोणी आलं तर दार उघडत नाही, "मला त्यांच्याकडे जायचंय" असं म्हणते आणि ते नुसतं म्हणण्यासारखं वाटत नाही, तर वाट बघू नका. लांबलेल्या शोकाला आता आजार म्हणून मान्यता आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या २०२२ च्या यादीत मोठ्यांसाठी वर्षानंतर, पण जीव द्यायची भाषा असेल तर महिने मोजायचे नसतात, त्याच दिवशी डॉक्टरकडे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आणि तुमचं स्वतःचं, ताई. तुमच्या फोनमध्ये गुगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये जाऊन कोणाला काय द्यायचं ते भरून ठेवा, आयफोन असेल तर लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे अकाउंट उघडू शकेल असा माणूस, नेमा. तुमचा आवाज वापरायचा की नाही हेही एका कागदावर लिहून सही करून ठेवा, आपल्याकडे २०२३ च्या डेटा कायद्यात आपल्यामागे आपले हक्क वापरायला माणूस नेमायची तरतूद आहे पण घरात वाद होतो तेव्हा कायद्याच्या आधी कागद उपयोगी पडतो. आईलाही विचारून घ्या, आत्ता नको, वर्षश्राद्ध होऊ दे. बाबांच्या सिमचा रिचार्ज कधी संपतोय तेवढं मात्र आजच बघा.